बोटे गेली, काम का जावे?
दिव्यांगांच्या नोकरीविषयक कायद्याचा एक अभ्यास

पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षी हिशेबशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलेले एक वाक्य माझ्या अजून ध्यानात आहे : जेवढे नावे तेवढेच जमा; जुळले नाही तर चूक कुठेतरी आहेच, ती शोधा. सर त्या तक्त्याला ट्रायल बॅलन्स म्हणत. गणपत गल्लीतील एका पेढीवर दिवाणजी असलेले माझे आजोबा त्यालाच तेरीज म्हणत. कायद्याचेही काहीसे असेच असते. एकाच्या खाती हक्क लिहिला, की दुसऱ्या कुणाच्या तरी खाती कर्तव्य लिहावेच लागते. दिव्यांगांच्या नोकरीसंबंधीच्या कायद्यात ही तेरीज कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. मी कायद्याचा नव्हे, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. तेव्हा काही चूक आढळल्यास प्राध्यापकवर्गाने अवश्य कान धरावा.

विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. तो घरात चालत आला. माझे मामा उद्यमबागेतील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एकोणीस वर्षे कामाला होते. गेल्या वर्षी पावसाळ्यात पत्रा डायमध्ये सरकवताना प्रेस अवेळी खाली आला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. ई.एस.आय.मधून उपचार झाले. पुढे कायमच्या अपंगत्वापोटी दरमहा थोडी रक्कमही सुरू झाली. चार महिन्यांनी मामा डबा घेऊन कामावर गेले, तेव्हा गेटवर त्यांची हजेरी लावून घेतली नाही. “आता तुमच्याच्यानं प्रेस होत नाही. पेन्शन चालू आहे की, घरात बसून खावा,” असे त्यांना सांगण्यात आले. मामा परत आले, भरलेला डबा तसाच मामींच्या हातात दिला आणि “आज भूक नव्हती” एवढेच बोलले.

मी त्यांना म्हटले, “मामा, काढलं तर काढलं म्हणून लिहून तरी मागायचं होतं तुम्ही.” ते म्हणाले, “अरे पोरा, काय लिहून मागू? पेन धरायला बोटं कुठं हाईत?” त्या दिवसापासून मी वाचायला लागलो.

शब्दांविषयी थोडेसे

आमच्या लहानपणापर्यंत सर्रास ‘अपंग’ हा शब्द वापरला जाई. आता मराठीत आणि हिंदीत सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ शब्द आला आहे. कन्नडमध्ये पूर्वी ‘अंगविकल’ म्हणत. आता कर्नाटक शासनाचे खाते ‘विकलचेतन’ असा शब्द वापरते. शब्द बदलले म्हणजे वागणूक बदलते असे नाही. गेटवर मामांना कुणी दिव्यांग म्हटले असते, तरी हजेरी लागली नसतीच. या लेखात मी कायद्याच्या हिंदी नावातलाच दिव्यांग शब्द घेतला आहे, तो केवळ सोयीसाठी.

कायद्याची वाटचाल

आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. या यादीत अपंगत्व नाही. ४१ व्या अनुच्छेदात आजारपण व विकलता यांचा उल्लेख येतो. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, आणि तेही शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केंद्र शासनाने १९७७ मध्ये खालच्या दोन वर्गांच्या पदांत ३ टक्के जागा राखल्या, पण तो आदेश होता, कायदा नव्हे.

पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार धरले होते आणि सरकारी पदांत ३ टक्के आरक्षण होते. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करारनामा स्वीकारला. भारताने २००७ मध्ये त्यावर सही करून त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. हा करारनामा मान्य केला म्हणजे आपला कायदाही त्याच्याशी जुळता करणे आले. त्यातून दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ हा नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. प्रकार सातावरून एकवीस झाले. ॲसिड हल्ल्यात भाजलेले, थॅलेसेमियाचे रुग्ण, स्वमग्न, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असलेले असे अनेक जण प्रथमच कायद्याच्या छायेत आले.

हा विषय मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांतील पुरुषांपैकी ४७ टक्के आणि स्त्रियांपैकी अवघ्या २३ टक्के काम करणाऱ्या होत्या. शिवाय जनगणनेत शेतमजूरही कामकरी आणि बँकेतला कारकूनही कामकरीच. पगाराचे कायम काम कितीजणांना, हे या आकड्यांवरून कळत नाही.

दिव्यांग कोणास म्हणावे?

येथे बहुतेकांचा घोटाळा होतो, माझाही झाला. मामांना जिल्हा रुग्णालयातून दाखला मिळाला, त्यावर २४ टक्के असा आकडा होता. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “चाळीसच्या खाली आहे, म्हणजे काही उपयोग नाही.” आम्ही निराश झालो. परंतु कायदा वाचल्यावर लक्षात आले, की त्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत.

पहिली व्याख्या साध्या ‘दिव्यांग व्यक्ती’ची. ज्याला दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक वा इंद्रियविषयक उणीव आहे आणि त्या उणिवेमुळे, भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर, इतरांच्या बरोबरीने समाजात भाग घेता येत नाही, तो दिव्यांग. येथे टक्केवारीचा उल्लेखच नाही. दुसरी व्याख्या ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्यांची. नोकरीतील आरक्षण या दुसऱ्या वर्गाला मिळते. भेदभावापासून संरक्षण मात्र पहिल्या, म्हणजे सर्वच दिव्यांगांना आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, तो ४० टक्क्यांच्या वर्गात बसत नाही म्हणून, परीक्षेत लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले, की योग्य ती सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या आकड्याला बांधलेला नाही. तात्पर्य, चाळीसच्या खाली म्हणजे शून्य हा समज चुकीचा आहे.

व्याख्येतील ‘भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ’ हे शब्दही नीट वाचण्यासारखे आहेत. मामांची दोन बोटे गेली, ही उणीव. प्रेस चालवायची मूठ फक्त उजव्या हाताच्या पूर्ण पकडीसाठी बनवलेली आहे, हा अडथळा. बोटे परत येणार नाहीत. मूठ बदलता येते.

भेदभाव आणि वाजवी तजवीज

कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे अपंगत्वाच्या कारणावरून कुणाही दिव्यांगाशी भेदभाव करता येत नाही. एकच अपवाद आहे : केलेली कृती रास्त हेतूसाठी होती आणि त्या हेतूच्या मानाने प्रमाणात होती, असे दाखवता आले पाहिजे. दृष्टी नसलेल्या माणसाला क्रेन चालवायला न देणे यात इतरांच्या जिवाची काळजी हा रास्त हेतू आहे. परंतु कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीला ‘आमचे ऑफिस वरच्या मजल्यावर आहे’ म्हणून हिशेबनीसाचे काम नाकारणे यात कसला हेतू? टेबल खाली आणता येते.

भेदभाव म्हणजे केवळ तोंडावर नकार देणे नव्हे. इंग्रजीत ज्याला रीझनेबल अकॉमोडेशन म्हणतात आणि मी येथे ‘वाजवी तजवीज’ म्हणतो, ती नाकारणे हाही भेदभावच, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. वाजवी तजवीज म्हणजे त्या त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे यासाठी केलेला आवश्यक आणि योग्य बदल. मात्र त्या बदलाचा बोजा प्रमाणाबाहेरचा नसावा. कमी ऐकू येणाऱ्याला तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठी देणे, कमी दिसणाऱ्याच्या संगणकावर अक्षरे मोठी करणे, मधुमेहाने पाय गमावलेल्याला बैठ्या कामावर घेणे ही त्याची साधी उदाहरणे. या तजविजीचा खर्च पूर्णतः वा अंशतः दिव्यांग माणसाकडून वसूल करता येणार नाही, असे २०१७ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट सांगितले आहे.

सरकारी नोकर आणि खासगी कामगार

आता आपण तेरीज न जुळण्याच्या जागी येतो. नोकरीत असताना अपंगत्व आले तर काय? १९९५ च्या कायद्याचे ४७ वे कलम आणि २०१६ च्या कायद्याचे २० वे कलम यांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. अशा नोकराला काढता येणार नाही आणि त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. तो जुने काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे; तसे काम नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. केवळ अपंगत्वामुळे बढतीही नाकारता येत नाही.

कुणाल सिंग यांचा २००३ चा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. ते केंद्राच्या एका सुरक्षा दलात शिपाई होते. कामावर असताना पायाला दुखापत झाली, पुढे पाय कापावा लागला आणि त्यांना अपात्र ठरवून घरी पाठवण्यात आले. अपात्रतेचे निवृत्तिवेतन मिळते आहे ना, असा शासनाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. निवृत्तिवेतन मिळते म्हणून ४७ व्या कलमाचे संरक्षण नाकारता येत नाही, असा निकाल दिला. अलीकडे, २०२५ मध्ये, तेलंगणच्या मार्ग परिवहन महामंडळातील एका चालकाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रंगांधळेपणामुळे त्याला चालकपदावरून काढले होते आणि दुसरे कामही दिले नव्हते. त्याला योग्य असे पर्यायी काम द्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला.

कुणाल सिंग यांचा निकाल वाचला तेव्हा मला आनंद झाला. ‘पेन्शन चालू आहे की’ हे गेटवरचे वाक्य आणि दिल्लीतला तो युक्तिवाद सारखाच! परंतु मूळ कलम पुन्हा वाचले आणि आनंद ओसरला. २० व्या कलमातील ही हमी ‘सरकारी आस्थापने’पुरती आहे. मामांचा कारखाना खासगी. एकच अपघात, तीच दोन बोटे. पण मामा सरकारी वर्कशॉपमध्ये असते तर निवृत्तीपर्यंत पगार चालू राहिला असता. हक्काच्या बाजूला रक्कम आहे, कर्तव्याच्या बाजूला खासगी मालकापुढे कलम कोरे आहे. चूक कुठे आहे ते सापडले. ती दुरुस्त करणे संसदेच्या हाती.

मग खासगी कामगाराला काहीच नाही काय? तसेही नाही. तिसऱ्या कलमातील भेदभावाची मनाई सरसकट आहे. ‘खासगी आस्थापने’च्या व्याख्येत कंपनी, भागीदारी पेढी, सहकारी संस्था, न्यास, संघटना यांच्याबरोबर ‘कारखाना’ हाही शब्द आहे. म्हणजे आपल्या गावातील पतसंस्था, साखर कारखाना, फाउंड्री, शिक्षणसंस्था, सगळ्या यात आल्या. पर्यायी काम आणि जादा पद यांची हमी नाही. परंतु ‘मी काय करू शकतो ते न पाहता, वाजवी तजवीज न करता मला काढले’ ही तक्रार खासगी कामगारही करू शकतो.

आरक्षणाचे गणित

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हा भाग सोपा वाटेल. २०१६ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा ४० टक्क्यांवरील दिव्यांगांसाठी आहेत. शंभर जागांपैकी एक अंध व अल्पदृष्टी असणाऱ्यांना, एक कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांना, एक हातापायांचे अपंगत्व असलेल्यांना. सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ला व स्नायूंचा क्षय यांचा समावेश याच गटात होतो. उरलेली एक जागा स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अडचण, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी मिळून आहे. योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील वर्षात ओढली जाते, जशी आपण शिल्लक पुढे ओढतो. पुढील वर्षीही त्या गटाचा उमेदवार नसेल तर गटांची अदलाबदल करता येते. तरीही कुणी न मिळाल्यासच ती इतरांना द्यायची.

टक्केवारी कशावर काढायची, हाही वादाचा मुद्दा होता. आधी ठरलेल्या ‘योग्य’ पदांवरच ती काढायची असे खाती म्हणत. साहजिकच आकडा लहान होई. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी राष्ट्रीय अंध महासंघाच्या खटल्यात सांगितले, की हिशेब संवर्गातील एकूण रिक्त जागांवर झाला पाहिजे. भाजक बदलला की भागाकार बदलतो, हे आपण जाणतोच.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. आपल्या कामगारांत किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून शासनाने मालकांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच ३५ व्या कलमात आहे.

मालकाची बाजू

मी संध्याकाळी दोन तास एका छोट्या लेथ वर्कशॉपमध्ये टॅलीवर व्हाउचर भरण्याचे काम करतो. तेथील मालक सज्जन आहेत. त्यांना हा सगळा विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, “हे सगळं खरं रे, पण माझ्याकडं चौदा माणसं. मला नेमकं काय करावं लागेल, ते सांग की.” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे :

एक, प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण लिहून जाहीर केले पाहिजे आणि ते आयुक्तांकडे नोंदवले पाहिजे. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत एवढे लिहिले तरी चालते. वीस किंवा अधिक असतील तर दिव्यांगांना योग्य अशा कामांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, सोयी आणि हे सर्व पाहणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही त्यात हवी. दोन, दिव्यांग कामगारांची नोंदवही ठेवावी. तीन, नकार द्यायचाच झाला तर त्याचे रास्त कारण लेखी देता आले पाहिजे. चार, बदलाचा खर्च कामगाराच्या पगारातून कापू नये.

कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. परंतु दंडापेक्षा मला खर्चाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. आमच्या मालकांबरोबर आम्ही मामांच्या बाबतीत अंदाज बांधला. प्रेसची मूठ डाव्या बाजूला वेल्ड करून घेणे : अर्ध्या दिवसाचे काम. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी व्यवस्था करणे : खर्च अधिक, पण तीमुळे उरलेल्या सगळ्या कामगारांची बोटे वाचतील. किंवा मामांना तयार मालाचे माप गेजने तपासायला बसवणे : खर्च काहीच नाही. उलट एकोणीस वर्षांचा माणूस घालवून नवा घ्यायचा, तर त्याला शिकवताना बिघडणारा पत्रा कोणत्या खात्यावर लिहायचा? कॉस्टिंगच्या पुस्तकात ज्याला कामगार उलाढालीचा खर्च म्हणतात तो हाच.

मालकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बोजा खरोखरच प्रमाणाबाहेर असेल तर कायदा त्याला भाग पाडत नाही. तसेच खोटा दाखला वा लबाडी करून दिव्यांगांचा लाभ लाटणाऱ्याला ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा एकतर्फी नाही.

दाद कोठे मागावी?

२०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पायऱ्या अशा आहेत. प्रथम आस्थापनेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार द्यावी. त्याने कार्यवाही करावी, किंवा आपली कृती रास्त हेतूसाठी व प्रमाणात कशी होती हे लेखी कळवावे. समाधान न झाल्यास राज्य आयुक्तांकडे जावे. आपल्या राज्याचे कार्यालय बेंगळूरला आहे. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांसाठी दिल्लीला मुख्य आयुक्त आहेत. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मात्र त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. न्यायालयाची वाट अर्थातच खुली राहते. सरकारी आस्थापनांत याशिवाय तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते.

पुराव्याविना हे सगळे फोल आहे. मामांकडे नेमणूकपत्र नव्हते. एकोणीस वर्षांत त्यांनी ते मागितले नाही आणि कुणी दिलेही नाही. ई.एस.आय.चे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या आणि जुन्या पगारचिठ्ठ्या मामींनी तांदळाच्या डब्यावर पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्याच उपयोगी पडल्या. वाचकांपैकी जे नोकरीला लागतील त्यांनी एवढे तरी शिकावे : जे मिळते ते लेखी घ्यावे, जे द्याल त्याची पोच घ्यावी.

अर्ज

मामांचा अर्ज मी मराठीत लिहिला आणि कन्नडमध्ये स्वतःच भाषांतर केले. दोन्ही प्रती सोबत जोडल्या. आपल्या भागात हक्काची भाषा कोणती यावर पुष्कळ वाद होतात. कामगाराला समजेल अशा एका भाषेत आणि कार्यालयाला नाकारता येणार नाही अशा दुसऱ्या भाषेत लिहिता आले, याचे मला या वेळी समाधान वाटले. अर्जात ‘मला परत प्रेसवरच घ्या’ असे लिहिले नाही. ‘मी कोणते काम करू शकतो ते पाहावे, वरीलपैकी कोणतीही तजवीज करावी, आणि शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे’ एवढेच लिहिले. आपल्याकडील समान संधीच्या पॉलिसीची प्रत मिळावी, असेही मागितले. अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी तो वाचला आणि विचारले, “कसली पॉलिसी? एल.आय.सी.ची काय?” त्यांना हसण्यात अर्थ नाही. कारखान्यात तीसच्या वर माणसे आहेत, परंतु असा कागद असतो हेच तेथे कुणी ऐकले नव्हते. मीही सहा महिन्यांपूर्वी ऐकले नव्हते.

सही करायची वेळ आली तेव्हा मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. मामांनी तो बाजूला सारला. चार महिने रोज रात्री ते माझ्या जुन्या वहीत डाव्या हाताने अक्षरे गिरवत होते, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी डाव्या हाताने सही केली. अक्षर वेडेवाकडे, पण पूर्ण नाव.

हा लेख संपादकांकडे देईपर्यंत अर्जाला एकेचाळीस दिवस झाले आहेत. लेखी उत्तर नाही. फोरमननी मात्र निरोप पाठवला आहे, की माल तपासणीच्या टेबलावर माणूस हवा आहे आणि मालक विचार करीत आहेत. आम्ही आणखी थोडे दिवस थांबू. नंतर बेंगळूरचा पत्ता आमच्याकडे आहे.

समारोप

सारांश असा : अपंगत्वामुळे कामगार निरुपयोगी होत नाही, कामाची रचना आणि माणूस यांचा मेळ बसत नाही, एवढेच होते. तो मेळ बसवण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर ठामपणे टाकली आहे, खासगी मालकावर अर्धवट. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेचे दार उघडे केले. त्यांना मज्जाव करणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. डोळ्यांनी न दिसणारा माणूस न्यायाधीश होऊ शकतो, तर आठ बोटांचा माणूस गेज हाती धरू शकतो, हे पटवून द्यायला कायद्याची पुस्तके लागू नयेत.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या कारखान्यांच्या, बँकांच्या, पतसंस्थांच्या कचेऱ्यांत बसतील. कुणाच्या तरी नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा मारण्याचा कागद आपल्या टेबलावर येईल. त्या वेळी एवढेच करावे : शेरा मारण्याआधी त्या माणसाला बोलावून, काय केले तर तुम्हाला हे काम जमेल, असे विचारावे. मामांना हा प्रश्न गेटवर कुणी विचारला असता, तर त्या दिवशी डबा भरलेला परत आला नसता.